न्याय आणि सुरक्षा कायद्यांचा मेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी प्रक्रियेचा कायदा एक सांगतो, सुरक्षेचा विशेष कायदा दुसरेच, आणि संविधान दोघांकडे डोळे वटारून पाहत असते. ही तीन टोके एकत्र आणण्याच्या कामाला धोरण सुधारणा म्हणतात. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

मेळ घालायचा म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच कायदा करायचा का?

नाही. उलटही घडू शकते. नेपाळमध्ये १८५४ पासून चालत आलेला आणि १९६३ मध्ये नव्याने लिहिलेला मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा एकत्रित कायदासंग्रह, होता. त्याच्या जागी दिवाणी आणि फौजदारी अशा वेगवेगळ्या संहिता आल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लागू झाल्या. म्हणजे तिथे नीटनेटकेपणासाठी एकाचे अनेक केले.

मेळ म्हणजे एकाच शब्दाचा अर्थ सगळ्या कायद्यांत एकच असणे, आणि एकाच घटनेला दोन कायदे लागू होत असतील तर माघार कोणी घ्यायची हे आधीच लिहून ठेवलेले असणे. कायदे दहा असोत की शंभर, एवढे जमले तर पुष्कळ झाले.

मेळ नसला तर बिघडते काय? न्यायालय आहेच ना निकाल द्यायला?

न्यायालय आहे, पण ते काही वर्षांनी. तोवर निर्णय पोलिस ठाण्यात होतात.

रात्रीचे अकरा वाजले आहेत. एका माणसाला ठाण्यात आणले आहे. फौजदारी प्रक्रियेचा कायदा म्हणतो, अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. सुरक्षेच्या कायद्यात ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच आहे. अल्पवयीनांच्या कायद्याप्रमाणे मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. सुरक्षेच्या कायद्यात मुलांचा उल्लेखच नाही, आणि समोरचा पोरगा सतरा-अठराच्या घरातला दिसतो. ठाणे अंमलदाराने पेन उचलले आहे. स्टेशन डायरीत तो ‘अटक केली’ लिहील की ‘चौकशीसाठी आणले’? पहिले लिहिले तर घड्याळ सुरू होते, दुसरे लिहिले तर होत नाही, निदान त्याला तसे वाटते.

‘अटक’ म्हणजे नेमके कोणत्या क्षणापासून, हे दोन्ही कायद्यांनी एकाच शब्दांत सांगितले असते तर त्याला विचार करावा लागला नसता. नाही सांगितले, म्हणून पुढे आरोपीचा वकील त्या एका नोंदीवर बोट ठेवतो आणि खटला तिथे अडकतो. यात निरपराध माणूस भरडला जाऊ शकतो, तसाच खरा गुन्हेगार सुटूही शकतो. कायद्यांतला विसंवाद म्हणजे फक्त मानवी हक्कवाल्यांची तक्रार, असे मानणाऱ्यांनी हा दुसरा भागही ध्यानात घ्यावा. सरकारी वकिलांना तो चांगला ठाऊक असतो.

विशेष कायदा सामान्य कायद्यापेक्षा वरचढ असतो ना? मग गोंधळ कसला?

तत्त्व खरे आहे, पण पुरत नाही. सुरक्षेचे बहुतेक कायदे स्वतःला विशेषच म्हणवतात. त्यांत एक ठरलेले वाक्य असते: ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ या कायद्याच्या तरतुदी लागू होतील. वाचायला भारदस्त वाटते. पण मनी लाँडरिंगचा कायदाही हेच म्हणतो, दहशतवादाचाही हेच, संघटित गुन्हेगारीचाही हेच. अशी दोन वाक्ये समोरासमोर उभी राहिली की तलवार दोघांच्याही हातात. मग नंतरचा कायदा कोणता, अधिक नेमका कोणता, कायदेमंडळाचा हेतू काय होता, असा कीस काढत बसावे लागते.

माझ्या मते मसुदा लिहिणाऱ्यांनी सगळ्यात जास्त गैरवापर केलेले वाक्य हेच. जुन्या कायद्यांशी कुठे खटके उडतील हे शोधायचा कंटाळा आला की ते सुरुवातीला ठोकून द्यायचे. त्याऐवजी ‘अमुक कायद्याचे अमुक कलम या प्रकरणातील गुन्ह्यांना लागू होणार नाही’ असे लिहायला दोन दिवस जास्त लागतात, पण पुढची वीस वर्षे वाचतात.

‘दहशतवाद’ या शब्दाची जगभर एकच व्याख्या का नाही?

कारण ती ठरलीच नाही. सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. वाटाघाटी आजही व्याख्येशीच अडकलेल्या आहेत: स्वातंत्र्यलढ्याचे काय, आणि सरकारी सैन्याने केलेल्या हिंसेचे काय, हे ते दोन काटे.

गंमत अशी की व्याख्या नसताना आदेश मात्र आला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १३७३ मंजूर केला आणि दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवायला सर्व देशांना बांधील केले. दहशतवाद म्हणजे काय, हे त्यात नव्हते. मग प्रत्येक देशाने आपापली फूटपट्टी घेतली. कुठे ‘सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणे’ आत आले, कुठे संप. २००४ च्या ठराव १५६६ मध्ये बऱ्यापैकी नेमके वर्णन आहे, पण तोवर अनेक देशांचे कायदे होऊन गेले होते. युरोपीय संघाने २००२ मध्ये आपल्या सदस्यांसाठी एक चौकट ठरवली आणि २०१७ च्या निर्देशाने ती बदलली.

एकाच गुन्ह्याची व्याख्या दोन कायद्यांत असली तर आरोपीला काय फरक पडतो?

आकाशपाताळाचा. भारताचे उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११३ खाली ‘दहशतवादी कृत्य’ हा गुन्हा आला. जवळपास तीच व्याख्या १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, कलम १५ मध्ये आधीपासून आहे. दोन्ही कायदे जिवंत आहेत. गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा हे पोलिस अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे, असे ११३ च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. कोणत्या निकषावर ठरवायचे, ते लिहिलेले नाही.

आता फरक पाहा. यूएपीएखाली खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, जामिनाची अट फार कडक आहे, आणि तपासाची मुदत न्यायालय १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. न्याय संहितेच्या कलमाला या खास अटी जोडलेल्या नाहीत. म्हणजे कृत्य एकच, पण अधीक्षकांनी कोणत्या चौकटीत खूण केली त्यावर माणूस बाहेर राहील की आत, हे बरेचसे ठरणार. शिवाय पूर्वमंजुरी हे आरोपीचे संरक्षणही असते. ते एका वाटेवर आहे, दुसरीवर नाही. यातला अधिकारी प्रामाणिक असेलही. प्रश्न त्याचा नाही, निकष न लिहिणाऱ्यांचा आहे.

कोठडीचे किती दिवस योग्य? काही ठरलेला आकडा आहे का?

दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे करण्यापुरता आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात ‘तातडीने’ असा शब्द आहे, आणि साधारणपणे ४८ तास पुरेत असे त्याच्या देखरेख समितीने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आरोप ठेवेपर्यंत किती दिवस, याबाबत मात्र रस्सीखेच असते.

ब्रिटनमध्ये ही रस्सीखेच अगदी उघड्यावर झाली. दहशतवाद सोडून इतर गंभीर गुन्ह्यात आरोप न ठेवता जास्तीत जास्त ९६ तास. दहशतवादाच्या संशयितासाठी २००० च्या कायद्यात ७ दिवस, २००३ मध्ये १४, २००६ मध्ये २८. सरकारला ९० हवे होते. नोव्हेंबर २००५ मध्ये खासदारांनी ते हाणून पाडले. मग २००८ मध्ये ४२ मागितले, तेही वरच्या सभागृहाने फेटाळले. शेवटी गाडी मागे फिरून १४ वर आली, आणि २०१२ च्या कायद्याने ते पक्के केले.

आकडा वाढवता येतो तसा कमीही करता येतो, हे इथे दिसले. बाकी जगात असा परतीचा प्रवास फारसा पाहायला मिळत नाही.

गुप्तचर खात्याकडे माहिती असते, मग ती सरळ न्यायालयात का ठेवत नाहीत?

कारण दोन्ही खात्यांचे कामच वेगळे. गुप्तचराला पुढे काय होणार ते हवे असते, आणि माहिती कुठून आली ते त्याला लपवायचे असते. पोलिसाला मागे काय झाले ते सिद्ध करायचे असते, आणि माहिती कुठून आली ते त्याला सांगावेच लागते. उलटतपासणीत ‘खबऱ्याने सांगितले’ चालत नाही.

जर्मनीने, नाझी काळातल्या गुप्त पोलिसांचा अनुभव गाठीशी असल्याने, पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा एकमेकांपासून दूर ठेवल्या. २००६ मध्ये दोघांसाठी दहशतवादविरोधी सामाईक माहितीकोश करण्याचा कायदा झाला. २४ एप्रिल २०१३ च्या निकालात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कोश राहू दिला, पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी घटनेत बसत नाहीत म्हणून दुरुस्त करायला लावल्या. अमेरिकेत या दोन यंत्रणांमधली भिंत पाडण्याचे काम एका शब्दाने झाले. परकीय हेरगिरीवर पाळत ठेवण्याच्या १९७८ च्या कायद्यात परवानगीसाठी गुप्तचर माहिती मिळवणे हाच ‘उद्देश’ असावा लागे. २००१ च्या पेट्रियट कायद्याने ‘एक महत्त्वाचा उद्देश’ असला तरी चालेल असे केले. मधली भिंत खाली आली ती एवढ्या विशेषणाने. मसुद्यात विशेषणे मोजून वाचावीत, ती यासाठी.

आणीबाणीचे अधिकार साध्या कायद्यात आणले तर तोही मेळच झाला ना?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘सुसूत्रीकरण’ या गोंडस शब्दाखाली नेमके हेच खपवले जाते.

दोन कायद्यांत तफावत आहे म्हटल्यावर ती मिटवायच्या वाटा दोन. कडक कायदा साध्या कायद्याच्या पातळीवर आणायचा, किंवा साधा कायदा कडक करायचा. कागदावर दोन्ही सारखेच सुसंगत दिसतात.

फ्रान्समध्ये १४ नोव्हेंबर २०१५ पासून आणीबाणी होती, ती १ नोव्हेंबर २०१७ ला संपली. त्याच्या अवघे दोन दिवस आधी नवा कायदा झाला आणि सुरक्षा-वेढे उभारणे, प्रार्थनास्थळे बंद करणे, घरझडती असे आणीबाणीतले काही अधिकार थोड्या जास्त अटींसह साध्या कायद्यात आले. सुरुवातीला ते २०२० अखेरपर्यंतच होते. २०२१ मध्ये कायमचे झाले. आणीबाणी उठली खरी, पण तिचे सामान घरातच राहिले.

श्रीलंकेचे उदाहरण त्याहून बोलके. १९७९ चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा तीन वर्षांसाठी होता. १९८२ मध्ये तो कायम केला. कायद्याच्या नावात मात्र ‘तात्पुरत्या तरतुदी’ हे शब्द तसेच राहिले. चाळीस वर्षांचा तात्पुरता कायदा.

उलट टोकाला दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीतल्या आणीबाण्या भोगलेल्या लोकांनी १९९६ चे संविधान लिहिले, तेव्हा आणीबाणी २१ दिवसांतच संपेल असे कलम ३७ मध्ये घातले. मुदत वाढवायची तर संसदेने, आणि एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पहिल्या वाढीला साधे बहुमत पुरते, दुसरीपासून ६० टक्के लागतात. वेळ जाईल तसे दार जड होत जाते. कायद्यांचा मेळ घालताना अधिकार कोणत्या बाजूला सरकतोय, हे पाहायची याहून चांगली मोजपट्टी माझ्या पाहण्यात नाही.

मुदतीचे कलम घातले की प्रश्न सुटतो का?

अर्धा. ‘सनसेट क्लॉज’ म्हणून ओळखले जाणारे हे कलम ठरलेल्या तारखेला अधिकार आपोआप संपवते. पेट्रियट कायद्यातल्या अनेक अधिकारांना ३१ डिसेंबर २००५ ही तारीख होती. वाढवत वाढवत फोन नोंदी मिळवण्याचा प्रसिद्ध अधिकार २०२० पर्यंत ताणला गेला. कॅनडाने असेच दोन अधिकार २००७ मध्ये खरोखर संपू दिले आणि २०१३ मध्ये परत आणले. मुदतीमुळे चर्चा तरी होते. आढाव्याचा अहवाल आधी आणि मतदान नंतर, असे कलमातच नसेल तर मात्र चर्चा नावापुरती उरते.

आणीबाणीत कोणतेही हक्क बाजूला ठेवता येतात का?

नाही. वर उल्लेख केलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारातले कलम ४ काही हक्कांना हात लावू देत नाही: जगण्याचा हक्क, छळापासून आणि गुलामगिरीपासून संरक्षण, कृत्याच्या वेळी गुन्हा नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा न होणे, विचार आणि धर्माचे स्वातंत्र्य. बाकीचे हक्क बाजूला ठेवायचे तर आणीबाणी अधिकृतपणे जाहीर करावी लागते आणि इतर सदस्य देशांना कळवावे लागते. गुपचूप काही करता येत नाही, निदान कागदोपत्री.

न्यायालयाने तरतूद घटनाबाह्य ठरवली की ती संपते ना?

देशावर अवलंबून. केनियात डिसेंबर २०१४ मध्ये सुरक्षा कायद्यांत एका फटक्यात मोठी दुरुस्ती झाली. उच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१५ रोजी तिच्यातल्या आठ तरतुदी रद्द केल्या. तिथे निकाल लागला की तरतूद मेली.

ब्रिटनमध्ये तसे नाही. २००१ च्या कायद्याने परदेशी संशयितांना खटल्याविना बेमुदत डांबता येत होते. १६ डिसेंबर २००४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ८ विरुद्ध १ मतांनी ते मानवी हक्कांशी विसंगत ठरवले. मुख्य कारण साधे होते: धोका ब्रिटिश नागरिकांकडूनही असेल तर फक्त परदेशी माणसेच का? पण अशी घोषणा कायदा रद्द करत नाही. त्या दिवशी त्या निकालाने कोणी सुटले नाही. संसदेने मार्च २००५ मध्ये नवा कायदा केला आणि डांबण्याच्या जागी नियंत्रण आदेश, म्हणजे संशयिताच्या हालचालींवर बंधने घालणारे आदेश, आले.

संघराज्यात केंद्र आणि राज्य दोघांचे कायदे असतील तर?

सहसा केंद्राचा चालतो. भारतात समवर्ती सूचीतल्या, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा चालू शकतो. मात्र केंद्राने नंतर नवा कायदा केला की ती संमती किती पुरते, हा वाद पुन्हा उघडतो.

नवा कायदा आला की जुन्या खटल्यांचे काय होते?

कृत्य घडले त्या दिवशीचा कायदा शिक्षा ठरवतो. मधल्या काळात शिक्षा सौम्य झाली असेल तर आंतरराष्ट्रीय करार आरोपीला तिचा फायदा देतो. प्रक्रियेचे मात्र वेगळे: ती साधारणपणे नव्या कायद्याने चालते, पण आधीच सुरू असलेले तपास आणि खटले जुन्यानेच पूर्ण करावेत असे बहुधा लिहिलेले असते. हे सगळे ‘निरसन व व्यावृत्ती’ या शेवटच्या कलमात असते, म्हणजे जुना कायदा रद्द करून त्यातले काय टिकवायचे ते सांगणाऱ्या कलमात. ते कलम कोणी वाचत नाही, आणि पहिल्या वर्षातल्या निम्म्या अर्जांचे मूळ तिथेच असते, असे कुठल्याही न्यायालयातला कारकून सांगेल.

प्रत्यक्षात काम सुरू कुठून करतात?

भाषणांतून नव्हे, एका कंटाळवाण्या तक्त्यातून. डाव्या बाजूला शब्द लिहायचे: अटक, कोठडी, अधिकारी, न्यायालय, मूल, दस्तऐवज, मालमत्ता. वरच्या ओळीत कायद्यांची नावे. प्रत्येक चौकोनात त्या कायद्यातली व्याख्या जशीच्या तशी उतरवायची, स्वतःच्या शब्दांत नाही. रिकामे चौकोन तितकेच महत्त्वाचे, कारण तिथे कायदा गप्प आहे. मग घड्याळाचा तक्ता: कोणती मुदत कधी सुरू होते, कोण वाढवतो, कशाच्या आधारे. तिसरा तक्ता संदर्भांचा. जुनी संहिता रद्द झाली की इतर कायद्यांत तिची जी कलमे उद्धृत केलेली असतात, ती लोंबकळत राहतात. नव्या कायद्यात त्यांचा अर्थ कसा घ्यायचा हे सांगावे लागते.

हे तक्ते कोणासमोर ठेवायचे यावर पुढचे सगळे अवलंबून. फक्त गृह खात्याची समिती बसवली तर निष्कर्ष ठरलेलाच असतो. सरकारी वकील हवेत, बचावाचे वकील हवेत, तुरुंग प्रशासन हवे. तुरुंगवाल्यांना कोणी बोलावत नाही, आणि कोठडीची मुदत वाढली की गर्दी त्यांच्या दारात होते.

आणि हो, छापील नमुने. कायदा बदलला पण ठाण्यातला अटक पंचनाम्याचा नमुना आणि संगणकातली कलमांची यादी तीच राहिली, तर सुधारणा राजपत्रातच राहते.

मसुद्यावर हरकती मागवल्या आहेत. सामान्य माणसाने लिहून काही उपयोग होतो का?

कसे लिहिता त्यावर. ‘हे कलम अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिलेले पत्र फाइलला लागते. त्याऐवजी मसुद्यातले कलम क्रमांकासह लिहा, ते सध्याच्या कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाशी भिडते ते दाखवा, आणि बदली शब्द स्वतः द्या: ‘पोटकलम (२) मधील “अधिकारी” या शब्दाऐवजी “पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी” असा मजकूर घालावा.’ असले टिपण टेबलावर येते, कारण मसुदा लिहिणाऱ्याला ते जसेच्या तसे उचलता येते. एका पानात एकच हरकत ठेवा. दहा हरकतींचे पत्र दहा टेबलांवर फिरते आणि कुठेच थांबत नाही.